सीमेवरच्या विजेचं नियोजन: कोर्स शोधू नका, पाया पक्का करा

प्रश्न: मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लष्कराच्या वीज-इंधनाच्या नियोजनात काम करायचं म्हणते. असा कोर्स कुठे असतो? की सरळ एमपीएससीला बसवावं?
– एक पालक, सातारा

उत्तर: सप्रेम नमस्कार. मुलीने फार मोलाचं क्षेत्र निवडलंय, तिला अडवू नका. यासाठी वेगळ्या पदवीची गरज नाही, तिची आताची पदवीच कामाची आहे.

लडाखमधली एखादी चौकी घ्या. हिवाळ्यात तिकडे जाणारा जोजिला घाट बर्फाने बंद होतो, म्हणून डिझेल, केरोसीन, रेशन उन्हाळ्यातच वर चढवावं लागतं. मग हिशोब सुरू होतो: माणसं किती, दिवस किती, बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीला, रोज किती रॉकेल, रेडिओ आणि रडारला किती वीज. विरळ हवेत जनरेटर पाटीवर लिहिलेली पूर्ण क्षमता देत नाही. थंडीत बॅटरीची धाव कमी होते, साधं डिझेल गोठायला लागतं. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. आकडा कमी धरला तर जवान गारठतात, जास्त धरला तर तेवढे ट्रक विनाकारण घाट चढतात. म्हणूनच लडाखमधल्या चुशुलला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने लष्करासाठी २०० किलोवॅटची सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिड, म्हणजे तेवढ्या जागेपुरती स्वतंत्र वीजयंत्रणा, हाती घेतली. दिवसाच्या जादा सौरविजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवायचा आणि रात्री त्याच्यापासून फ्युएल सेलमध्ये वीज करायची.

यातलं बरंचसं काम वर्दीशिवाय होतं. छावण्यांची वीज, पाणी, इमारती मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस, सांभाळते. तिथे अधिकारी व्हायचं तर यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा द्यावी लागते. ज्युनिअर इंजिनिअरची भरती एसएससीतून, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून, होते. माझा कल इंजिनिअरिंग सर्व्हिसेसकडे आहे, कारण नियोजनाचे निर्णय त्या पातळीवर होतात. संशोधनाची ओढ असेल तर गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचं दार उघडतं. पाणबुडीसाठीची फ्युएल सेल यंत्रणा आपल्या अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेतच विकसित झाली. वर्दीच हवी असेल तर मुलींसाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लष्करी सेवेची, टेक्निकल एंट्री आहे.

गेट आणि इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचा तांत्रिक अभ्यास बराचसा एकच आहे, तेव्हा दोन्ही एकत्र करू द्या. पॉवर सिस्टिम्स आणि मशिन्स तिला तोंडपाठ नव्हे, हाताखालचे हवेत. एमपीएससी हवी तर सोबत ठेवा, पण तिच्यावर लादू नका.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिला हाच विषय घ्यायला सांगा: लेहचं तापमान आणि ऊन धरून पन्नास माणसांच्या चौकीचा बारा महिन्यांचा लोड, म्हणजे विजेची गरज, काढायचा आणि डिझेल, सौर, बॅटरी यांचा वाटा ठरवायचा. जानेवारीच्या रात्रीचा आकडा तिने सगळ्यात आधी काढावा, कारण बाकीची यंत्रणा त्यावरूनच बेतावी लागते.