मामांनी जमवलेल्या जुन्या लंबकाच्या घड्याळांचं फोंड्याच्या घरात छोटं संग्रहालय करायचंय. सगळी चालू ठेवावीत का?

सगळी नकोत. चार-पाच चालू ठेवा, बाकीची नुसती मांडा. चावी ठरलेल्या वारी आणि एकाच माणसाने द्यायची. आपल्याकडे खरा वैरी पावसाळा: स्प्रिंगला गंज धरतो, लाकडी पेटी फुगून दार अडकतं. खोबरेल तेल चुकूनही घालू नका, घट्ट होऊन बसतं (आमच्या आजोबांनी हा पराक्रम केलाय!). घड्याळाचंच तेल, तेही टाचणीच्या टोकाएवढं. घड्याळ मागे पडलं तर लंबकाखालचा नट किंचित वर फिरवा. पितळी दांडी 10 अंशांनी तापली, तरी दिवसाला सुमारे 8 सेकंद मागे पडतं. मांडणीसाठी बाणावलीचं ‘गोवा चित्र’ संग्रहालय बघून या, तेही व्हिक्टर ह्युगो गोम्स या एकाच माणसाच्या वेडातून उभं राहिलंय, मात्र तिथे मुख्यतः शेतीची अवजारं आहेत.