पेज केव्हा द्यावी आणि किती दाट?

प्रश्न : माझे बाळ साडेचार महिन्यांचे आहे आणि पुढच्या महिन्यात मला काजूच्या कारखान्यात पुन्हा कामावर जायचे आहे. बाळ रात्री तीनदा उठते. ‘नुसत्या दुधाने त्याचे पोट भरत नाही, बाटलीतून नाचणीची पातळ पेज दे,’ असे सासूबाई म्हणतात. अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय आयाही बाळाच्या बाटलीत तांदळाचे सिरिअल (बाळांसाठीचे तयार कोरडे पीठ) कालवतात आणि डॉक्टर त्यांना अडवतात, असे वाचनात आले. त्या हे अडाणीपणाने करतात का? मी काय करावे?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : तुमच्या सासूबाईंची आणि अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरातल्या एखाद्या आजीची गाठ पडली, तर भाषा न कळताही दोघींचे छान जमेल. त्या शहरातील अल्प उत्पन्न गटातल्या, किशोरवयात आई झालेल्या कृष्णवर्णीय मुलींचा अभ्यास झाला, तेव्हा बाळाला वरचे अन्न केव्हा द्यायचे हे पुष्कळदा आजीच ठरवते असे दिसले. रडणारे तान्हे भुकेलेच असते आणि बाटलीत सिरिअल घातले की ते रात्रभर झोपते, अशी समजूत त्यामागे होती. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. तिथे १९९३ च्या कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा बिनपगारी आहे आणि लहान आस्थापनांना तो कायदा लागूच होत नाही, त्यामुळे हातावर पोट असलेली आई लवकर कामावर जाते आणि तिला रात्रीची झोप हवी असते. गरीब माता-बालकांना शिधा देणाऱ्या ‘विक’ या सरकारी योजनेतही २००९ च्या सुमारास नियम बदलेपर्यंत बाळाचे सिरिअल चौथ्या महिन्यापासूनच मिळत असे, म्हणजे दोष एकट्या आईचा कसा? बॉल्टिमोरमधील एका प्रयोगात (२००१) त्यांच्याच समाजातल्या, स्वतः आई असलेल्या तरुण स्त्रिया घरी जाऊन बाळाची भूक कशी ओळखावी आणि आजीशी न भांडता आपले म्हणणे कसे मांडावे, हे शिकवत. वरचे अन्न लवकर सुरू न करण्याचा सल्ला त्या आयांनी इतरांपेक्षा अधिक पाळला.

आता तुमच्याविषयी. साडेचार महिन्यांच्या बाळाने रात्री उठणे स्वाभाविक आहे. पेज बाटलीतून दिल्याने झोप वाढत नाही. उलट ठसका लागण्याची भीती असते आणि पाणचट पेजेने पोट भरल्यामुळे बाळ दूध कमी पिते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरचेच दूध द्या. कामावर जाण्यापूर्वी ते झाकणाच्या स्वच्छ वाटीत पिळून ठेवा, सासूबाई वाटी-चमच्याने पाजतील. फ्रिज नसेल, तर आपल्याकडच्या उष्म्यात ते चार तासांच्या आतच संपवावे.

सहा महिन्यांनंतर मात्र उशीर करू नका, कारण जन्मतः साठवलेले लोह तेव्हा संपत आलेले असते. आपल्या घरांत चूक होते ती इथे : पेज सुरू होते, पण महिनोन्‌महिने पातळच राहते. चमचा तिरका केल्यावर ती ओघळून न जाता चमच्याला धरून राहिली पाहिजे. सत्त्व करताना वाटलेली नाचणी आपण फडक्यातून गाळतो आणि चोथ्याबरोबर कॅल्शियम व लोहाचा काही भाग टाकून देतो, म्हणून मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे बारीक चाळलेले पीठ मला अधिक पसंत आहे. त्यात थोडे तूप किंवा खोबरेल घाला. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. नाचणीतले लोह शरीरात फारसे शोषले जात नाही, तेव्हा घरात चालत असेल तर उकडलेले अंडे किंवा काटे नीट निरखून काढलेला माशाचा तुकडा कुस्करून द्या. उष्टावणाला मध चाटवण्याची हौस असेल, तर ती बाळ वर्षाचे होईपर्यंत पुढे ढकला.

वजनाच्या दिवशी सासूबाईंनाही अंगणवाडीत घेऊन जा आणि तक्त्यावरची रेघ त्यांना दाखवा. ती चढती असेल, तर दूध पुरते आहे. आडवी झाली असेल, तर सहा महिन्यांची वाट न पाहता बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.