बदलणार कोण, तो की संघ?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन पानं एनबीएवर, त्या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगवर, आणि शेवटच्या चार ओळी खऱ्या प्रश्नावर. क्लबच्या कमिटीला फौजेतून निवृत्त झालेला सदतीस वर्षांचा एक खेळाडू बास्केटबॉलच्या ओपन स्पर्धेसाठी घ्यायचाय. यादी बारा जणांचीच, म्हणून खानापूरकडच्या त्या अठरा वर्षांच्या पोराचं नाव खोडायला तुला सांगितलंय. आणि तू पहाटे उठून सामने बघणारा, म्हणून तू एनबीएतल्या फिनिक्स सन्स संघाचा दाखला काढून ठेवलायस. म्हणजे मनातून होकार दिलाच आहेस, आता फक्त आधार हवाय.

माझं मत आधी सांगतो. वयावर अडून राहू नकोस. बदलणार कोण ते बघ. तो माणूस तुमच्या संघासाठी स्वतःचा खेळ बदलायला तयार असेल, तर सदतीसचा काय, चाळिशीचाही आण. पण त्याच्यासाठी संघाला आपला खेळ बदलावा लागणार असेल, तर नाव कितीही मोठं असो, त्याला मानानं चहा पाजून परत पाठव.

तुझा दाखला खरा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सन्सनी ओक्लाहोमा सिटीकडून ख्रिस पॉलला घेतलं तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. २०१० नंतर प्लेऑफचं, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड न पाहिलेला संघ पहिल्याच मोसमात ५१ सामने जिंकून थेट फायनलला गेला. पण त्या सौद्यात गेलं कोण तेही बघ. पॉलच्याच जागेवर खेळणारा रिकी रुबिओ त्यात गेला. पॉल येऊन रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसला, कुणाला उठवून नव्हे. सन्सचा डेव्हिन बुकर आधी स्कोर करत होता, नंतरही तोच करत राहिला.

आता त्याच फिनिक्सचा दुसरा सौदा बघ, जो तू लिहिला नाहीस. फेब्रुवारी २००८. शॉन मॅरियन आणि मार्कस बँक्सला देऊन सन्सनी मायामीहून शकील ओनीलला आणलं. तोही पस्तिशीतलाच. सन्स तेव्हा वाऱ्यासारखे पळायचे. स्टीव्ह नॅशच्या हातात चेंडू आला की मॅरियन निम्मं मैदान ओलांडून गेलेला असायचा. पळणारा गडी दिला आणि रिंगखाली उभा राहणारा घेतला. मग सगळ्यांनाच त्याच्यासाठी थांबणं आलं. त्या वर्षी पहिल्याच फेरीत सॅन अँटोनिओनं त्यांना ४-१ नं घरी पाठवलं. पुढच्या मोसमात ओनील स्वतः झकास खेळला. सामन्याला अठराच्या आसपास गुण, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात कोबी ब्रायंटबरोबर संयुक्त सामनावीर. आणि संघ? प्लेऑफला मुकला. अमारे स्टॉडमायरच्या डोळ्याला दुखापत झाली होती, ती बाजूही धरायला हवी. पण ओनील गेल्यावर २०१० मध्ये हेच सन्स वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. म्हणून खेळाडूचे स्वतःचे आकडे बघून निर्णय घेऊ नकोस. आकडे त्याचे चांगले असतात, हार संघाच्या नावावर लागते.

त्याच फेब्रुवारीत डॅलसनं न्यू जर्सीहून जेसन किडला आणलं. किड पस्तिशीला टेकलेला. बदल्यात चोवीस वर्षांचा डेव्हिन हॅरिस दिला, वर पहिल्या फेरीची दोन पिक्स, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडायचे हक्क. हॅरिस पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला आणि डॅलस मात्र २००८ मध्ये पहिल्याच फेरीत हरलं. लोकांनी या सौद्याला नावं ठेवायची ती ठेवलीच. पण त्या मधल्या वर्षांत किड काय करत होता ते नीट बघ, कारण माझ्या मते जुन्या खेळाडूबद्दल जे काही शिकायचं ते तिथं आहे. हा माणूस तरुणपणी वेगावर जगलेला. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, घ्यायचा आणि तोच चेंडू घेऊन समोरच्या रिंगपर्यंत पळायचा. लांबून नेम मात्र कच्चा, म्हणून बचाव करणारे त्याला खुशाल मोकळा सोडायचे. पाय मंदावले तसा त्यानं तो कच्चा नेम पक्का केला. २००९-१० च्या मोसमात त्याचे थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके, ४२.५ टक्के पडले. मग त्याला मोकळं सोडायची सोय राहिली नाही. बचावात चपळ गार्डच्या मागं धावणं जमेना, तर मोठ्या, ताकदवान खेळाडूंसमोर उभा राहू लागला, कारण हात आणि डोकं अजून शाबूत होतं. २०११ मध्ये डॅलसनं मायामीला ४-२ हरवलं तेव्हा किड अडतीस वर्षांचा होता. त्याचं ते पहिलंच विजेतेपद, आणि डॅलसचंही.

तीन वर्षं लागली, हे विसरू नकोस. तुमची स्पर्धा आठवड्याभराची. तुझ्याकडे येणारा माणूस स्वतःला बदलेल म्हणून वाट बघायला तुला वेळ नाही. तो बदलून आलेला असला पाहिजे.

बिल वॉल्टन तसा आला होता. १९७७ चा विजेता, १९७८ चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, आणि मग पायांच्या दुखण्यानं अख्खेच्या अख्खे मोसम गिळलेले. १९८५ मध्ये बोस्टननं त्याच्यासाठी सेड्रिक मॅक्सवेल आणि पहिल्या फेरीचं एक पिक दिलं. वॉल्टननं रॉबर्ट पॅरिशच्या मागं बेंचवर बसणं पत्करलं. सामन्याला साधारण वीस मिनिटं खेळला, ८० सामने खेळला, बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम, म्हणजे सिक्स्थ मॅन, ठरला आणि बोस्टन विजेतं झालं. पुढच्या मोसमात तो फक्त दहा सामने खेळू शकला. एका वर्षाचा सौदा होता आणि बोस्टनला ते एक वर्ष पुरलं. कारण बर्ड, मॅकहेल, पॅरिश आधीच तिथं होते. घर बांधून झालं होतं.

तुझं घर बांधून झालंय का? तुझ्याकडे चेंडू पुढे नेणारे दोघं बरे आहेत, रिंगखाली उंच एकच, आणि गेल्या स्पर्धेत शेवटच्या क्वार्टरला हातातले सामने सोडलेत. तू लिहिलंस की पोरं घाबरतात. म्हणून कमिटीला अनुभवी माणूस हवाय. इथं सावध राहा. आपल्या आनंदवाडीच्या आखाड्यात बघ, वस्ताद स्वतः लांगा कसून फडात उतरत नाही, कडेला उभा राहून डाव सांगतो. पोरांना धीर देणारा माणूस हवा असेल तर त्याला तुझ्या शेजारी बेंचवर बसव, सहायक कोच म्हणून मान दे. त्यासाठी बारातली एक जागा कशाला खर्ची घालायची? मायामीनं युडॉनिस हॅस्लेमला बेचाळिशी उलटेपर्यंत संघात ठेवला हे खरं, पण तो वीस वर्षं त्यांचाच माणूस होता. त्याच्यासाठी त्यांनी कुणाला देऊन टाकलं नव्हतं.

किमतीचं बोलतो. एनबीएत पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला सौद्यात पगार जुळवावे लागतात, म्हणून एका महागड्या जुन्या खेळाडूसाठी कामाची दोन-तीन माणसं जातात. त्यात पिक्स जातात, म्हणजे अजून न आलेली पोरं जातात. लागोपाठ दोन वर्षांची पहिल्या फेरीची पिक्स देऊन टाकता येत नाहीत असा नियमच आहे, कारण क्लीव्हलंडच्या एका मालकानं ऐंशीच्या दशकात ती अशी उधळली होती की संघाचं दिवाळं निघायची पाळी आली. तरीही २०१३ मध्ये ब्रुकलिननं केविन गार्नेट, पॉल पियर्स आणि जेसन टेरीसाठी बोस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ ची पिक्स दिली, वर २०१७ चं पिक बदलून घ्यायचा हक्क दिला. नियम पाळून दिवाळं काढलं. तिघंही पस्तिशीच्या पुढचे. मिळालं काय? प्लेऑफची एक मालिका. टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी पियर्सनं काइल लाऊरीचा फटका अडवला, तेवढं सुख. पुढच्या फेरीत मायामीनं ४-१ नं गुंडाळलं. पियर्स वर्षभरात गेला, गार्नेट दीड वर्षात. २०१६-१७ मध्ये ब्रुकलिननं जेमतेम २० सामने जिंकले. एरवी इतकं हरणाऱ्या संघाला निदान चांगलं पिक मिळतं आणि तो पुन्हा उभा राहतो. इथं हरण्याचं फळसुद्धा बोस्टनच्या पदरात पडलं. जेलन ब्राऊन त्यातूनच आला, जेसन टेटमही त्यातूनच, आणि २०२४ मध्ये बोस्टन त्या दोघांच्या जोरावर विजेतं झालं.

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, पिक्स नाहीत. म्हणून किंमत दिसत नाही इतकंच. खानापूरहून ते पोर सकाळच्या गाडीनं सरावाला येतं. घरी वडील विचारत असणार की या खेळानं भरतीला काही उपयोग आहे का. आपल्या भागात अठरा वर्षांच्या पोरासमोर सैन्य, पोलीस, रेल्वे एवढेच रस्ते दिसतात. बास्केटबॉल खेळून त्यातली एखादी वाट उघडू शकते, पण त्यासाठी त्याला खेळताना कुणीतरी बघावं लागतं. यंदा नाव खोडलंस तर ते रडणार नाही, भांडणार नाही. पावसाळा संपेपर्यंत यायचं बंद होईल, कबड्डीच्या संघात दिसेल. आणि मला खटकतंय ते हे: यादीत बारावा कोण हे तू लिहिलेलं नाहीस. खोडायला या पोराचंच नाव का पुढं आलं? त्याचा खेळ सर्वांत कमी म्हणून, की त्याच्यासाठी बोलणारं कमिटीत कुणी नाही म्हणून? हे उत्तर तू स्वतः शोध, आणि दुसरं निघालं तर कमिटीसमोर उभं राहून बोल. तुझं पहिलं वर्ष आहे म्हणून गप्प बसू नकोस. कोच तू आहेस.

त्या फौजी माणसाला मात्र न बघता नाही म्हणू नकोस. तो अन्यायच होईल. त्याला दोन दिवस सलग खेळव आणि दुसऱ्या दिवशी बघ, पहिल्या दिवशी सगळेच खेळतात. कोपऱ्यात, बेसलाइनजवळ बस. त्याच्या हातातल्या चेंडूकडे बघू नकोस, पायांकडे बघ. बचावात बाजूला सरकताना तो पाय घसटतो की उचलून टाकतो? पाय एकमेकांवरून ओलांडायला लागला की समोरचा पोरगा त्याच्या पुढं गेलाच म्हणून समज. रिबाउंडला पहिली उडी सगळ्यांची असते, चेंडू हातून निसटल्यावर दुसरी उडी लगेच येते का? लांबून मारलेला चेंडू दमल्यावर रिंगच्या पुढच्या कडेला लागू लागला तर हात नव्हे, पाय संपलेत. आपलं कोर्ट सिमेंटचं, लाकडाचं नव्हे. गुडघ्यांचा हिशेब इथं लवकर चुकता होतो.

खेळ थांबलेला असतो तेव्हा जास्त लक्ष दे. चेंडू बाहेर गेला, कुणी बुटाची नाडी बांधतंय, अशा वेळी तो कुठं जातो? पाणी प्यायला एकटाच जातो, की आपल्या त्या उंच पोराचा खांदा धरून त्याला दोन पावलं आत सरकवतो आणि बोटानं दाखवतो की पुढचा पास इथून येणार? पोरं चुकल्यावर हात झटकतो की पुढच्या खेपेला तोच पास पुन्हा त्याच पोराला देतो? हे दोन तासांत कळतं. मग त्याला बाजूला घे. वडीलधारा माणूस आहे, बोलताना अहो-जाहो ठेव. सरळ विचार: "दादा, तुम्ही बेंचवरून याल का? सामन्याला बारा-पंधरा मिनिटंच मिळतील, आणि शेवटच्या क्वार्टरला गरज लागली तरच." तो किती वेळानं उत्तर देतो ते ऐक. लगेच हो म्हणाला आणि पाठोपाठ 'कुणाच्या जागी येऊ' असं विचारलं, तर तुला तुझा वॉल्टन मिळाला. 'आमच्या काळी मी चाळीस मिनिटं खेळायचो' असं सुरू झालं, तर काय करायचं ते तुला कळलंच.

कमिटीशी बोलायला जाशील तेव्हा बाराही नावं कागदावर लिहून ने, प्रत्येकासमोर मिनिटं मांड. चाळीस मिनिटं, पाच जागा, म्हणजे दोनशे. सदतीस वर्षांच्या माणसाला दिलेलं प्रत्येक मिनिट कुणाचं कापलं ते तिथल्या तिथं दिसू दे. मला तो कागद आधी दाखव. रविवारी सकाळी मी घरीच आहे, दहाच्या आत ये. आणि त्या खानापूरच्या पोराला बरोबर आण, त्याचा थ्री-पॉइंटर मला एकदा बघायचाय.

तुझा,
सर