दोन पेन्सिली

निधीसाठी प्रस्ताव लिहिणाऱ्या संशोधकांसोबत मी काम करते. एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते केव्हा येणार हेही कळतं: "प्रपोजल परत आलं. माझ्यातच काहीतरी कमी आहे." मी मूळची समुपदेशक, त्यामुळे आधी माणूस, मग मसुदा, हा क्रम मी कधी मोडत नाही.

अशाच एक संशोधक बाई आल्या. प्रस्ताव दोनदा नामंजूर झालेला. दुसऱ्या वेळचे परीक्षकांचे शेरे त्यांनी जिना उतरता उतरता मोबाइलवर एकदाच वाचले होते. तिसरा मसुदा मात्र तयार होता.

"शेऱ्यांत काय होतं?"

"हेच, की मला जमत नाही."

"असं लिहिलं होतं?"

"शब्द आठवत नाहीत, मॅडम. अर्थ तोच होता."

पुढच्या भेटीला मी शेरे छापून आणायला लावले. चार पानं होती. त्यांच्या हातात लाल आणि निळी पेन्सिल दिली. "तुमच्याविषयीच्या वाक्याखाली लाल रेघ मारा, मसुद्याविषयीच्या वाक्याखाली निळी." अर्धा तास मी काही बोलले नाही. निळ्या रेघा तेवीस झाल्या. लाल एकच, तिसऱ्या पानाच्या तळाशी: 'अर्जदार हे काम करण्यास सक्षम आहेत.' लाल पेन्सिल तिथेच टेकवून त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "हे मी वाचलंच नव्हतं."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, हा या विचारसरणीचा प्रणेता, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा आग्रह. या क्षेत्रात तो मला पावलोपावली उपयोगी पडतो. त्या दिवशी मात्र मला त्याची आणखी एक बाजू दिसली. प्रस्ताव म्हणजे आपलीच परीक्षा असं वाटलं की माणूस प्रत्येक परिच्छेदात हुशारी सिद्ध करत बसतो, संदर्भांचा ढीग रचतो, आणि मूळ प्रश्न खाली दबून जातो. म्हणजे तो मसुदाही त्या भीतीनेच लिहिलेला असतो.

म्हणून मसुदा मिटून ठेवायला सांगितला आणि विचारलं, "तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?"

"पाण्याच्या नळीत आतून जिवाणूंचा थर धरतो. क्लोरीन टाकलं तरी खालचे जिवाणू त्यात तगून राहतात. तो थर कशाने सुटतो, ते मला बघायचंय."

मला एका दमात कळलं. हेच मसुद्यात सातव्या पानावर होतं, तेही क्रियापदाची वाट बघायला लावणाऱ्या वाक्यात. आम्ही ते पहिल्या पानावर पहिल्या ओळीत आणलं. अमेरिकेतल्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेचे १९७०च्या दशकातले संचालक जॉर्ज हाइलमायर प्रत्येक प्रकल्पाला पहिला प्रश्न हाच विचारत: काय करायचंय ते तांत्रिक शब्द न वापरता सांगा. मीही तिथूनच सुरुवात करते.

निळ्या रेघांतला सगळ्यात मोलाचा शेरा होता: 'दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर अवलंबून आहे.' पहिल्यात थर सोडवणारी मात्रा शोधायची, दुसऱ्यात तीच जुन्या नळ्यांवर वापरायची. मात्रा सापडलीच नाही तर दुसरं वर्ष वाया. ही चूक फार जण करतात. आम्ही दुसरं उद्दिष्ट बदललं: जुन्या नळ्यांतल्या थरात कोणते जिवाणू राहतात, याची नोंद. मात्रा सापडो न सापडो, ही नोंद हाती राहणारच. 'प्रयोग फसला तर काय कराल' यालाही दोन ओळी दिल्या. त्या दोन ओळींनी परीक्षकाचा विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

आणि सगळं नीट करूनही नकार येऊ शकतो, हे मी आधीच सांगून ठेवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे आलेले २५ अर्ज ४३ परीक्षकांकडून तपासून घेतले होते. तोच अर्ज वाचणाऱ्या परीक्षकांमध्ये एकमत आढळलं नाही. म्हणून एका परीक्षकाचा शेरा मी तपासून घेते. दोघांनी तेच म्हटलं, तर मात्र मसुदा बदलायला लावते.

तिसऱ्या फेरीचे शेरे आले तेव्हा बाईंचा फोन आला. निकाल काय लागला हे त्यांनी नंतर सांगितलं. पहिलं वाक्य होतं, "मॅडम, या वेळी निळ्या रेघा नऊच आहेत."