गॅरेजने सस्पेन्शनवर ४२,००० घेतले, आवाज तसाच आहे आणि आता रॅक बदलायला सांगतात. काय करावं?

रॅकला हो म्हणू नका. निदान आज तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीतल्या गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) बदलले, ४२,००० रुपये घेतले, आणि काही दिवसांतच खड्ड्यातली खटखट पुन्हा सुरू झाली. आता तेच म्हणतात स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत पोचवणारा भाग) गेलाय, आणखी २८,००० लागतील. मग त्यांना सरळ विचारा, आवाज रॅकचा होता तर आधीचे ४२,००० कशाचे? आणि आधीचं निदान बरोबर असेल, तर आवाज गेला का नाही? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल, आणि ते तोंडी नको, लेखी घ्या. तुम्ही गाडी दिली ती आवाज घालवायला, पार्ट बदलून घ्यायला नाही. पुढे पैशांचं बोलणं होईल तेव्हा याच मुद्द्यावर ठाम राहा.

आधी गाडीचं बघू, कारण खरं कारण सापडल्याशिवाय भांडणात जोर येत नाही.

घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा. खराब रस्त्यावर अगदी हळू चालवत ब्रेकवर हलकासा पाय ठेवा. आवाज लगेच बंद झाला तर संशय ब्रेककडे जातो, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पॅड सैल असतात. दुसरं, गाडी उभी, इंजिन चालू, आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं. त्या वेळी कोणीतरी बॉनेटशी उभं राहून ऐकावं. टकटक आली तर रॅक, टाय रॉड (रॅकला चाकाशी जोडणारा दांडा) किंवा स्टिअरिंग कॉलमच्या जॉइंटचा विषय असू शकतो. पूर्ण वळवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी टणकन वाजली तर बहुतेक वेळा स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडाच्या) वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग असतं. आणि हो, डिकीतला जॅक, स्टेपनी, सायलेन्सरचे रबर हेही बघा. सस्पेन्शनच्या नावावर यांचेही आवाज खपतात.

रॅकचा आवाज बहुतेक वेळा हाताला स्टिअरिंगमध्ये जाणवतो. तुमच्या वर्णनात तसं काहीच नाही. फक्त एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की खटखट, सरळ गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की शांत. हे वाचून मला पहिला संशय लिंक रॉडचा आला, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) स्ट्रटशी जोडणारी ती छोटी काडी. दोन्ही चाकं सारखी वर-खाली झाली की बारला पीळ बसत नाही, एकच चाक हललं की बसतो, आणि झिजलेला जॉइंट तेव्हाच वाजतो.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मेट्रोचं काम, पेव्हर ब्लॉकचे उंचसखल पट्टे, सर्व्हिस रोडचे खड्डे, त्यामुळे इथल्या गाड्यांचं सस्पेन्शन लवकर बोलायला लागतं. माझ्या आधीच्या गॅरेजने गाडी दर वेळी लिफ्टवर चढवली, चाकं हवेत लोंबकळत असताना पार्ट हलवून पाहिले आणि एकेक बदलत गेले. नंतर वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. पिटवर उभी केली, म्हणजे गाडीचं वजन चाकांवरच राहिलं. स्वतः खाली उतरले, लिंक रॉडच्या जॉइंटला दोन बोटं लावली आणि पोऱ्याला फेंडर दाबून गाडी एका बाजूने हलवायला सांगितली. मग मला खाली बोलावून माझी बोटं तिथे ठेवली. प्रत्येक हेलकाव्याला बोटाखाली बारीक ठोका लागत होता. चाकं हवेत असताना तो जॉइंट ताणून बसायचा, म्हणून लिफ्टवर काही सापडायचंच नाही. तो पार्ट हजार रुपयांच्या आतला होता.

तुमच्या गाडीत तेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. पण अशी तपासणी झालीय का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक शक्यता आहे. नवीन लोअर आर्म बसवताना बुशचे, म्हणजे रबरी जोडांचे, बोल्ट गाडी चाकांवर असताना, म्हणजे नेहमीच्या उंचीवर आवळायचे असतात. चाकं लटकत असतानाच पक्के आवळले तर गाडी खाली उतरताच बुशच्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवं रबर लवकर फाटतं. पार्ट अस्सल, बिल पक्कं, तरी आवाज परत. तसंच लोअर आर्म आणि स्ट्रट उघडल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. बिलात ते दिसत नसेल तर झालंय का ते विचारा, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील आणि तो खर्च वेगळा.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. स्टिअरिंग सैल लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा आवाज दिवसेंदिवस वाढत असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) आधी तपासून घ्या. तो निखळला तर चाक वाकडं पडतं. ठाणे-बेलापूर रोडच्या वेगात ते फार भयंकर आहे. अशा वेळी गाडी टो करून न्या.

आता पैसे. त्याच गॅरेजला आज व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर लिहा: अमुक तारखेला या आवाजासाठी गाडी दिली, हे पार्ट बदलले, इतके पैसे दिले, आवाज कायम आहे, कारण लेखी कळवा आणि काढलेले जुने पार्ट परत द्या. जुने पार्ट तुमचेच असतात, आणि त्यांच्याकडे बघून कळतं की ते खरंच गेले होते का. जॉब कार्ड (गाडी देताना कामाची नोंद होते तो कागद), एस्टिमेट, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि आवाजाचा व्हिडिओ एकत्र ठेवा. मग दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त तपासणीचे पैसे देऊन लेटरहेडवर मत घ्या: आवाज कुठून येतो, आणि बदललेल्या पार्टचा त्याच्याशी संबंध आहे की नाही. पहिल्या गॅरेजला कळवण्याआधी दुसरीकडे काहीही उघडू देऊ नका, नाहीतर उद्या ते म्हणतील की बिघाड त्या दुसऱ्या गॅरेजनेच केला.

गाडी आत्ता त्यांच्याकडेच असेल आणि बिल थकलेलं असेल तर सांभाळून घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत कारागीर वस्तू अडवून ठेवू शकतो. गेटवर आवाज चढवून गाडी सुटत नाही. बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहा, फोटो काढा, पैसे भरा आणि गाडी घेऊन या. ते तुमच्याविरुद्ध जात नाही.

पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागालाही प्रत द्या, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात. मोबदला, म्हणजे तुम्ही सेवेसाठी दिलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गॅरेज ऐरोलीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. निकालाला वेळ लागतो हे खरं, पण पुरावे नीट असतील तर बरीच गॅरेजं नोटीस मिळाल्यावरच बोलायला येतात.

बोलायला आले की बहुधा म्हणतील, ‘रॅक घ्या, लेबर फ्री करतो.’ हे घेऊ नका. मागायचं ते असं: आधी कारण माझ्या डोळ्यांसमोर दाखवा, ते चुकीच्या निदानामुळे राहिलं असेल तर ती दुरुस्ती तुमच्या खर्चाने, आणि गरज नसताना बदललेल्या पार्टचे पैसे लेबरसकट परत. ठरेल ते जॉब कार्डवर लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या, त्यात ‘टेस्ट ड्राइव्ह ग्राहकासोबत’ हेही येऊ द्या, आणि ती ड्राइव्ह ज्या खड्ड्यांच्या रस्त्यावर आवाज येतो तिथेच घ्या. गॅरेजसमोरच्या गुळगुळीत पट्ट्यावर मारलेली चक्कर मान्य करू नका.