कायनेक्ट नेमका कसा बनला, आणि जळगावात जुना मिळतोय तर आज घेऊ का?

घे भो, कायनेक्ट म्हणजे एक्सबॉक्स 360 या गेमच्या मशीनला जोडायचा कॅमेरा, समोर हातपाय हलवले की गेम चालतो. पण आधी खोली बघ, एकट्याला खेळायलाच त्याच्यापासून साधारण 6 फूट लांब उभं राहावं लागतं.

मायक्रोसॉफ्टनी जून 2009 ला ई3 या गेमच्या प्रदर्शनात प्रोजेक्ट नाताल म्हणून हा दाखवला. ब्राझीलमधल्या नाताल शहराचं नाव ते, टीममधला ॲलेक्स किपमन ब्राझीलचा ना. त्याआधी निन्टेन्डोच्या वी (Wii) या गेमच्या मशीननी मार्केट खाल्लं होतं पण त्यात हातात रिमोट धरावा लागायचा, इथे हातात काहीच नाही! अंतर मोजायची टेक्निक इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीची, इन्फ्रारेडचे हजारो ठिपके खोलीभर पडतात, ते कुठे किती सरकले यावरून कॅमेरा अंतर काढतो. पण खरी कमाल मला सॉफ्टवेअरची वाटते, मायक्रोसॉफ्टच्याच केंब्रिजच्या रिसर्चवाल्यांनी माणसांच्या ढीगभर पोझ दाखवून कॉम्प्युटरला हात कोणता, गुडघा कोणता हे शिकवलं, 2010 च्या आधी बरं का.

अमेरिकेत 4 नोव्हेंबर 2010 ला आला, 150 डॉलरला, आणि पहिल्या 60 दिवसांत 80 लाख विकला, गिनीजमधे नोंद झाली. लोकांनी लगेच पीसीला जोडून रोबोटसाठी पण वापरला, ते मला गेमपेक्षा भारी वाटतं. 2017 ला बनवणं बंद केलं.

आपल्याकडे ऊन लई, थेट ऊन आत आलं की ते ठिपके दिसत नाहीत त्याला, पडदे लावूनच खेळ. आणि जुना जाडा एक्सबॉक्स 360 असेल तर सोबतचा पॉवर ॲडॅप्टर मागून घे, त्याशिवाय चालणार नाही.