पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा टायर चालतो का?

तुमच्या यामाहा एफझी मोटरसायकलचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, पुढच्या एमआरएफमध्ये अजून बराच जीव आहे, आणि मागे सिएट टाकला तर गाडी घसरेल का, असं विचारलंय. बिनधास्त टाका. मी स्वतः अशी मिसळ जोडी बरीच वर्षं वापरतोय, पावसाळ्यातल्या घाटातसुद्धा. इंजिनाची ताकद मागच्या चाकातून रस्त्यावर उतरते, त्यामुळे मागचा टायर आधी झिजणारच. त्यासाठी पुढचा चांगला टायर काढून टाकण्यात अर्थ नाही.

कंपनीच्या नावापेक्षा टायरची बांधणी बघा. तुमच्या गाडीला मुळातच पुढे १००/८०-१७ हा साधा, म्हणजे बायस-प्लाय (आतले धाग्यांचे थर तिरके असलेला) टायर येतो आणि मागे १४०/६० आर १७. त्यातला 'आर' म्हणजे रेडियल, ज्यात आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात. "साइज तीच आहे" म्हणत दुकानदार मागे साधा द्यायला लागला तर घेऊ नका. डॉमिनार ४०० सारख्या गाडीला तर पुढेही रेडियल असतो. तिथे मागे साधा बसवला की दोन टायरांच्या भिंती वेगवेगळ्या दबतात आणि वळणावर गाडीचा भरवसा वाटत नाही. टायरवरचा वजनाचा आकडा (किती भार पेलेल) आणि वेगाचं अक्षरही (किती वेगापर्यंत चालेल) मूळ टायरपेक्षा कमी नको.

नवा टायर बसवल्यावर गाडी पटकन कलते असं वाटेल आणि लोक लगेच नव्या कंपनीला दोष देतात. खरं तर जुना टायर मधोमध सपाट झालेला असतो, नवा गोल असतो. शिवाय नवं रबर वरून गुळगुळीत असतं, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं आणि वळणावर गाडी फार झुकवणं टाळा.

मला काळजी तुमच्या पुढच्या टायरची जास्त वाटते. त्याच्या बाजूवर चार आकडे शोधा: २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर कडक झालं असेल, बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी शिल्लक असली तरी तोही आत्ताच बदला. ब्रेक मारला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा गाडी सावरता येते. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. इथे पैसे वाचवू नका.

बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, हे दुकानातून निघण्याआधी स्वतः बघून घ्या.